घड्याळ लावायचं कशावरून?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत वेळेविषयीचे प्रश्न इतके होते की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ठेवले आहेत. पत्रं जागेअभावी थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : वेधशाळेतलं घड्याळ बरोबर आहे हे पूर्वी कशावरून ठरवत? सूर्य डोक्यावर आला की बारा, असं धरलं तर एवढ्या मोठ्या बिंबाचा मध्य सेकंदापर्यंत कसा पकडणार? आणि चूक सापडली की रोज काटे फिरवायचे का?
– निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. काटे फिरवायचे नाहीत. घड्याळ दीड सेकंद पुढे असेल तर असू दे. ते दीड सेकंद पुढे आहे, हे वहीत नोंदलेलं असलं म्हणजे झालं. त्या वहीत दोन आकडे महत्त्वाचे. एक ‘चूक’, म्हणजे या क्षणी घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे. दुसरा ‘चाल’, म्हणजे ही चूक दिवसाला किती वाढते किंवा घटते. समजा, सोमवारी रात्री घड्याळ १.२० सेकंद पुढे होतं आणि गुरुवारी रात्री त्याच वेळी १.५३ सेकंद. तीन दिवसांत ०.३३ वाढले, म्हणजे चाल रोज ०.११ सेकंद. शुक्रवारी आभाळ भरून आलं तरी घड्याळ १.६४ सेकंद पुढे असणार, हे आकाश न बघता सांगता येतं. काट्यांना हात लावला, लंबक थांबवून पुन्हा सोडला, की हा हिशेब मोडतो. वेधशाळा बरोबर घड्याळ सांभाळत नव्हती. घड्याळाच्या चुकीचा चोख हिशेब सांभाळत होती.

सूर्य यासाठी गैरसोयीचा आहे, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. त्याचं बिंब अर्ध्या अंशाहून किंचित मोठं आहे, याम्योत्तर रेषा (डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणारी कल्पित रेषा) ओलांडायला त्याला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि उन्हानं हवा थरथरत असते. तारा बिंदूसारखा दिसतो. म्हणून वेळ ताऱ्यांवरून घेत.

त्यासाठीची दुर्बीण वेगळ्या घडणीची असते. ती आकाशात हवी तिकडे वळत नाही. तिचा आडवा अक्ष पूर्व-पश्चिम ठेवलेला असतो, अक्षाची दोन टोकं दोन भक्कम दगडी खांबांवर टेकलेली असतात, आणि दुर्बीण फक्त उत्तर-दक्षिण पातळीत वर-खाली फिरते. खांबांचा पाया इमारतीच्या फरशीपासून अलग ठेवतात, नाहीतर निरीक्षकाच्या पावलांचे हादरे दुर्बिणीत येतात. नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) पाच, सात किंवा त्याहून अधिक उभे तंतू असतात. तारा एकेका तंतूमागून सरकतो, निरीक्षक प्रत्येक तंतूची वेळ टिपतो आणि सरासरी काढतो. एका तंतूवरची हाताची किंवा डोळ्याची गफलत अशी पातळ होते.

आता मघा ही तारका घ्या. तिचा विषुवांश, म्हणजे तास-मिनिटांत मोजलेलं तिचं आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान, सध्या सुमारे १० तास ९ मिनिटं ४० सेकंद आहे. याचा अर्थ असा की मघा याम्योत्तर रेषेवर येते त्या क्षणी नाक्षत्र घड्याळात, म्हणजे ताऱ्यांच्या फेरीवर चालणाऱ्या घड्याळात, नेमके तेवढेच वाजले पाहिजेत. घड्याळ १०:०९:४१.५ दाखवत असेल तर ते दीड सेकंद पुढे. इतका सरळ हिशेब. अशा दहा-बारा ताऱ्यांचे वेध एका रात्रीत घेतले की चूक सेकंदाच्या काही शतांश भागांपर्यंत हाती लागते. नाक्षत्र दिवस आपल्या घड्याळाच्या २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंदांचा असतो. नाक्षत्र वेळेवरून नागरी वेळ काढणं मग केवळ गणित आहे.

बिघडतं ते दुर्बिणीच्या मांडणीत. अक्ष समतल नसणं, अक्ष नेमका पूर्व-पश्चिम नसणं आणि नळी अक्षाशी काटकोनात नसणं, असे तीन दोष कायम मागे लागलेले असतात. समतलपणा किती नाजूक आहे बघा. मीटरभर लांबीच्या अक्षाचं एक टोक पाच मायक्रॉननं वर उचललं गेलं, तर कल एका विकलेचा (अंशाच्या ३६०० व्या भागाचा) होतो आणि वेळेत सुमारे ०.०७ सेकंदाची चूक येते. पाच मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्यामुळे अक्षावर लांब, नाजूक लेव्हल ठेवून, मग ती उलटी फिरवून पुन्हा वाचत. दुसरी पद्धत पाऱ्याची : दुर्बीण थेट खाली वळवायची, खालच्या थाळीतल्या पाऱ्यात तंतूंचं प्रतिबिंब बघायचं, आणि तंतू व प्रतिबिंब यांत किती फरक पडतो ते मोजायचं. दिशेचा दोष ध्रुवाजवळचा संथ तारा आणि दक्षिणेकडचा वेगवान तारा यांच्या वेळा ताडून काढतात. खस्वस्तिकाजवळच्या, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूजवळच्या, ताऱ्यांना हा दिशेचा दोष जवळजवळ लागत नाही, म्हणून वेळेसाठी तेच तारे पसंत करतात. पुण्याच्या अक्षांशावर मघा त्यांपैकीच एक आहे. नळीचा दोष शोधायला अक्ष उचलून पूर्वेचं टोक पश्चिमेला ठेवत आणि पुन्हा वेध घेत.

सगळं जमलं तरी माणूस उरतोच. घड्याळाचे ठोके कानानं मोजत डोळ्यानं तारा टिपायचा, यात प्रत्येकाची सवय वेगळी. इंग्लंडमधल्या ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनी १७९६ साली किनब्रुक या सहायकाला कामावरून काढलं, कारण त्याच्या नोंदी मॅस्केलिन यांच्यापेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा येत. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी दाखवलं की असा फरक निष्णात निरीक्षकांमध्येही असतो, आणि तो बऱ्यापैकी स्थिर असल्यामुळे मोजून वजा करता येतो. किनब्रुकवर अन्याय झाला, असंच आमचं मत आहे.

आपल्याकडच्या वेधशाळांना आणखी एक अडचण होती, ती पावसाळ्याची. सलग वीस रात्री तारा दिसला नाही आणि चाल ०.०२ सेकंदांनी चुकीची धरली गेली असेल, तर विसाव्या दिवशी चूक ०.४ सेकंद होते. ढगाळ मुलखात चांगल्या लंबकाची किंमत अशी कळते.

प्रश्न : ही वेळ वेधशाळेतून गावात कशी पोहोचायची? तोफ उडवत असं ऐकलं आहे.
– कॉलेज विद्यार्थी, पिंपरी

उत्तर : तोफ सोपी, पण आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटरच जातो. तीन किलोमीटरवरच्या माणसाला तोफ जवळजवळ नऊ सेकंद उशिरा ऐकू येते. सामान्य कामाला हे चालतं, जहाजाला नाही. खलाशी रेखांश काढतो तो वेळेवरून, आणि चार सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात एक कला (अंशाचा साठावा भाग). मुंबईच्या अक्षांशावर ते अंतर पावणेदोन किलोमीटर भरतं. मिनिटभर चूक झाली तर जहाज नकाशावर सव्वीसएक किलोमीटर भलतीकडे.

म्हणून दिसणारी खूण हवी होती. ग्रीनिचच्या वेधशाळेनं १८३३ साली छपरावरच्या खांबावर मोठा गोळा बसवला. तो १२:५५ ला अर्ध्यावर चढतो, १२:५८ ला टोकाला जातो आणि बरोबर १ वाजता सुटतो. आजही सुटतो. वेळ धरायची ती गोळा सुटण्याच्या क्षणाची, खाली टेकण्याची नव्हे. बाराऐवजी एक वाजता का? कारण बाराच्या सुमाराला निरीक्षक सूर्याचा वेध घेण्यात गुंतलेले असत. बंदरातला खलाशीही गोळा बघून क्रोनोमीटरचे (जहाजावरच्या अचूक घड्याळाचे) काटे फिरवत नसे. त्याच्याकडेही चूक आणि चाल यांची वही असे.

आपल्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा काढली, ती खगोल वेध आणि वेळ यांसाठीच, कारण समोर बंदर होतं. पुढे तिचं नाव झालं चुंबकीय नोंदींसाठी, आणि ते काम १९०४ साली अलिबागला गेलं, कारण मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामनी नोंदी बिघडल्या असत्या. मद्रासची वेधशाळा १७९२ ची. देशभरच्या रेल्वेनं मद्रासची वेळ धरली आणि ती तारेनं स्टेशनांना जाऊ लागली. तारेमुळे खरा बदल झाला. १८५२ पासून ग्रीनिचचं मुख्य घड्याळ स्वतःच तारेवर ठोका पाठवू लागलं. मधला माणूस गेला, आवाजाचा उशीर गेला.

रेल्वेची शिस्त अजून टिकून आहे. भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांत आजही लिहिलं आहे की प्रमाणवेळ रोज १६:०० वाजता सर्व मुख्य स्थानकांना कळवायची. गाडी सुटण्याआधी गार्डनं आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळवायचं आणि ती वेळ लोको पायलटला सांगायची, हेही त्याच नियमांत आहे. पुणे स्टेशनवर उभं राहून हे आठवलं की त्या घड्याळाकडे वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

प्रश्न : पुण्यात दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर नसतो, हे मुलांना कसं समजवावं? शिवाय आमचं पंचांग मुंबईचा सूर्योदय देतं. तिथी संपायच्या वेळेत चार मिनिटं कमी करायची का?
– गृहिणी, कोथरूड

उत्तर : भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशाची आहे. पुणे ७३ अंश ५१ कलांवर. फरक ८ अंश ३९ कला, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून पुण्याचा सरासरी मध्यान्ह १२ वाजून ३४ मिनिटं ३६ सेकंदांनी येतो. शहरातल्या शहरातही फरक आहे : हडपसरला मध्यान्ह कोथरूडच्या आधी होतो, सुमारे अर्धा मिनिट.

यात कालसमीकरण मिसळतं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे खरा सूर्य घड्याळाच्या कधी पुढे असतो, कधी मागे. ११ फेब्रुवारीच्या आसपास तो सव्वाचौदा मिनिटं मागे असतो, तेव्हा पुण्यात मध्यान्ह १२:४९ ला होतो. ३ नोव्हेंबरच्या आसपास तो जवळजवळ साडेसोळा मिनिटं पुढे असतो, तेव्हा १२:१८ ला. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या दिवसांच्या आसपास फरक शून्य. मुलांना दाखवायला सर्वांत चांगला दिवस शून्य सावलीचा. पुण्यात तो १३ मेच्या आसपास येतो; १२:३१ ला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. बारा वाजता तीच काठी चांगली सावली देत असते. मुलांना आणखी काही सांगावं लागत नाही.

आता तिथी. तिथी संपणं म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यात ठरावीक अंशांचं अंतर पडणं, आणि तो क्षण साऱ्या देशासाठी एकच असतो. पंचांगात तो घड्याळाच्या तास-मिनिटांत छापलेला असेल तर पुण्यासाठी त्यात काहीही कमी-जास्त करू नका. घटी-पळांत दिला असेल तर मात्र लक्ष ठेवा. घटी सूर्योदयापासून मोजतात, एक घटी २४ मिनिटांची आणि एक पळ २४ सेकंदांचं, तेव्हा मुंबईसाठी छापलेल्या घटी मुंबईच्याच सूर्योदयात मिळवायच्या. पुण्याच्या सूर्योदयात मिळवल्या की चूक झाली. पुण्याचा सूर्योदय मुंबईच्या आधी असतो खरा, पण ठोक चार मिनिटं नाही : अक्षांशाच्या फरकामुळे जूनमध्ये सुमारे तीन, डिसेंबरमध्ये सुमारे पाच.

प्रश्न : फोन न वापरता, फक्त सूर्यावरून घड्याळ तपासता येईल अशी मध्यान्ह-रेषा घरात आखायची आहे. किती अचूक जमेल?
– इंजिनिअर, कर्वेनगर

उत्तर : काळजीपूर्वक केलीत तर पाच ते दहा सेकंदांपर्यंत. जागा दक्षिणेच्या खिडकीची लागेल. पण आधीच एक गोष्ट ध्यानात घ्या. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, आणि त्याच्या आगेमागेही तो इतका उंच असतो की खिडकीतून जमिनीवर येत नाही. रेषा साधारण सप्टेंबर ते मार्च एवढीच चालेल. वर्षभर हवी तर गच्चीवर जावं लागेल.

पातळ पत्र्यात तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडा आणि तो पत्रा फरशीपासून दोन मीटर उंचीवर घट्ट बसवा. भोकातून ओळंबा सोडून त्याखालचा बिंदू फरशीवर नोंदवा. भोकातून सूर्याची गोल प्रतिमा फरशीवर पडते. संपात दिनी (दिवस-रात्र समान असतात तेव्हा) मध्यान्हाला ती ओळंब्याच्या बिंदूपासून सुमारे ६७ सेंटिमीटरवर असते, २१ डिसेंबरला सुमारे १८० सेंटिमीटरवर, तेव्हा तेवढी जागा मोकळी ठेवा. संपाताच्या सुमारास प्रतिमा वीसएक मिलिमीटर रुंद दिसते आणि मिनिटाला नऊ मिलिमीटर सरकते. म्हणजे एक मिलिमीटरची चूक साडेसहा सेकंदांची.

उत्तर दिशा होकायंत्रानं ठरवू नका. चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेशी नेमकी जुळत नाही, त्यात स्लॅबमधल्या सळया सुई ओढतात. शंकूची जुनी पद्धत वापरा. गच्चीवर समतल फळीवर उभी काठी, तिच्याभोवती वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे बाहेरून शिवेल आणि दुपारनंतर जिथून बाहेर पडेल ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, तिला लंब काढला की उत्तर-दक्षिण. तीन-चार वर्तुळं काढून सरासरी घ्या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हे केलं तर उत्तम, कारण तेव्हा सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) जवळजवळ स्थिर असते आणि सकाळ-दुपारची तुलना खरी उतरते.

ही दिशा खोलीत आणायची तर मध्यान्हाच्या क्षणाचा आधार घ्या. गच्चीवर एकानं उभं राहायचं, काठीची सावली रेषेवर आली की आवाज द्यायचा, त्याच क्षणी खाली दुसऱ्यानं प्रतिमेचा मध्य नोंदवायचा. ओळंब्याचा बिंदू आणि हा मध्य जोडणारी रेषा हीच तुमची मध्यान्ह-रेषा. तीन-चार दिवस पुन्हा करा आणि मगच रंगानं पक्की करा. रेषा एका अंशानं चुकली तर मार्चमध्ये सव्वा मिनिटाची चूक येईल, डिसेंबरमध्ये जवळपास तीन मिनिटांची. याम्योत्तर दुर्बिणीचा दिशेचा दोष वर सांगितला, तोच हा. सूर्य खस्वस्तिकाच्या जवळ असला की तो कमी जाचतो.

वाचताना प्रतिमेच्या मध्याचा अंदाज करू नका. पहिली कड रेषेला शिवली ती वेळ आणि शेवटची कड सुटली ती वेळ, दोन्ही लिहा आणि त्यांची सरासरी घ्या. मग १२:३४:३६ मध्ये त्या दिवसाचं कालसमीकरण धरून (सूर्य मागे असेल तर मिळवून, पुढे असेल तर वजा करून) तुलना करा.

प्रश्न : घरी आजोबांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ आहे. थंडीत नीट चालतं, एप्रिल-मेमध्ये मागे पडतं. दुरुस्तीवाल्यानं दोनदा उघडून तेलपाणी केलं, फरक नाही.
– वाचक, नारायण पेठ

उत्तर : यंत्रात दोष नाही, लंबकाची दांडी उन्हाळ्यात लांब होते. पोलादी दांडी असेल तर प्रत्येक अंश सेल्सिअसला घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडतं, पितळी असेल तर सुमारे ०.८ सेकंद. घरातलं सरासरी तापमान जानेवारीपासून मेपर्यंत आठ-दहा अंशांनी चढतं, म्हणजे पोलादी दांडीला रोज चार-पाच सेकंद, महिन्याला दोन-अडीच मिनिटं. तुमची तक्रार या आकड्याच्या आसपासची असेल तर घड्याळ निर्दोष आहे. वेधशाळांनी यावर उपाय म्हणून पाऱ्याचे भरपाई-लंबक वापरले, मग इन्व्हार ही मिश्रधातू आली, जी पोलादाच्या साधारण दशांशच प्रसरण पावते. घरच्या घड्याळात कोरड्या, सरळ रेषांच्या लाकडाची दांडीही बरीच स्थिर असते, फक्त पावसाळ्यातली दमट हवा तिला लागू नये म्हणून पॉलिश पक्कं हवं.

लावायची पद्धत अशी. आठवडाभर काही न करता रोज एकाच वेळी चूक लिहा. मग लंबकाखालचा नट एक पूर्ण आटा फिरवा : मागे पडत असेल तर गोळा वर, पुढे जात असेल तर खाली. पुन्हा तीन दिवस लिहा. एका आट्यानं चाल किती बदलते ते कळलं की बाकी त्रैराशिक. सेकंदाचा लंबक पुण्यात सुमारे ९९.१ सेंटिमीटर लांबीचा असतो, त्यात एक मिलिमीटरनं रोज सुमारे ४४ सेकंदांचा फरक पडतो. भिंतीवरच्या लहान घड्याळाचा अर्ध्या सेकंदाचा लंबक पाव मीटरचा, त्यात तोच मिलिमीटर जवळजवळ तीन मिनिटांचा. म्हणून नट हळू फिरवा. घड्याळ परदेशी असेल तर आणखी एक भाग असतो : गुरुत्वाकर्षण विषुववृत्ताकडे घटतं, त्यामुळे ग्रीनिचला अचूक लावलेलं लंबकाचं घड्याळ पुण्यात तसंच लटकवलं तर रोज सुमारे दोन मिनिटं मागे पडेल.

टिक आणि टॉक यांमधलं अंतर सारखं ऐकू येत नसेल तर पेटी तिरकी लटकलेली आहे. ती सरळ करा, नाहीतर घड्याळ थांबेल. भिंतीचा खिळा हलत असेल तर कितीही लावलं तरी चाल टिकणार नाही. किल्ली ठरलेल्या वारी द्या, स्प्रिंग उतरत आली की झोका बदलतो.

प्रश्न : आमच्या कारखान्यात जीपीएसवर चालणारं मोठं भिंतीवरचं घड्याळ आहे. वीज जाऊन आली की ते कधीकधी बरोबर १८ सेकंद पुढे दिसतं आणि थोड्या वेळानं आपोआप ठीक होतं. हजेरीची मशीन आणि कॅमेरे तर प्रत्येकी वेगळंच दाखवतात.
– देखभाल विभागातील कर्मचारी, भोसरी

उत्तर : १८ हा आकडाच निदान सांगतो. जीपीएसची स्वतःची वेळ १९८० साली जागतिक वेळेबरोबर सुरू झाली, पण तिच्यात लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला मधूनमधून घातलेले जादा सेकंद) घालत नाहीत. १ जानेवारी २०१७ पासून ती जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. ही दुरुस्ती उपग्रह संदेशात पाठवतात, पण तो भाग १२.५ मिनिटांच्या चक्रातून एकदाच येतो. घड्याळाची आतली बॅटरी संपलेली असली की वीज येताच ते जीपीएसची कच्ची वेळ दाखवतं आणि दुरुस्ती मिळाली की सुधारतं. आतली बॅटरी बदला, आणि चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्यावर विसंबू नका. कायमच १८ पुढे राहत असेल तर सेटिंगमध्ये ‘जीपीएस वेळ’ निवडलेली आहे. अर्ध्या तासाची चूक असेल तर यंत्र साडेपाच तासांचा फरक स्वीकारत नसावं. तारीखच सुमारे १९ वर्षं ८ महिने मागे गेली असेल तर जीपीएसचा आठवड्यांचा १०२४ चा मोजक शून्यावर आला आहे आणि जुन्या फर्मवेअरला ते उमगलेलं नाही. जागतिक वेळेनुसार ६ एप्रिल २०१९ च्या रात्री हेच झालं होतं. अँटेना पत्र्याच्या शेडखाली नको, वर मोकळं आकाश हवं. केबल मीटरला सुमारे पाच नॅनोसेकंद खाते, तुमच्या कामाला ते नगण्य आहे.

हजेरी आणि कॅमेरे यांच्यासाठी कारखान्यात एकच एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून यंत्रांना वेळ पुरवणारा संगणक) ठेवा आणि बाकी सगळी यंत्रं त्यालाच जोडा. प्रत्येक यंत्र थेट इंटरनेटवर सोडू नका. सर्व्हरला चार स्रोत द्या, त्यांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा असू द्या. दोनच दिले आणि ते जुळले नाहीत तर खोटं कोण हे कळत नाही. चारांत एक बिघडला तर तो उघडा पडतो. बहुतेक वेळा बिघाड एवढाच असतो की फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ पोर्ट बंद असतं आणि यंत्र निमूटपणे आपल्या क्रिस्टलवर चालू राहतं. क्वार्ट्झ क्रिस्टल सुमारे २५ अंशांना लावलेला असतो. ४० अंशांना तो दिवसाला आणखी अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे पडतो. थंडीतही मागेच पडतो.

एनटीपी संदेशाला जायला आणि यायला लागलेला वेळ सारखा धरतं. जाताना ४० आणि येताना १० मिलिसेकंद लागले तर १५ मिलिसेकंदांची चूक उरते आणि ती आतून कधीच दिसत नाही. हजेरीला हे पुष्कळ आहे. सर्व्हर रोज किती फरक दाखवतो त्याचा लॉग मात्र ठेवा. महिन्याभरानं त्याची चाल तुम्हाला पाठ होईल आणि ती अचानक बदलली की बिघाड आधीच कळेल. चालू यंत्राची वेळ झटक्यात मागे नेऊ नका, एकाच क्षणाच्या दोन नोंदी तयार होतात. ती हळूहळू जुळवण्याची सोय असते, ती वापरा.

प्रश्न : आता वेळ कोण ठरवतं? पुण्याच्या वेधशाळेचा यात काही वाटा आहे का?
– वाचक, शिवाजीनगर

उत्तर : पुण्यात ‘वेधशाळा’ म्हटलं की शिमला ऑफिस डोळ्यांपुढे येतं, पण ते हवामानखात्याचं. देशाची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियम घड्याळं आणि हायड्रोजन मेसर या अणुघड्याळांच्या आधारे सांभाळते. १९६७ पासून सेकंद म्हणजे सीझियमच्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं. इथेही चुकीची वही आहेच : जगभरच्या प्रयोगशाळांची घड्याळं जागतिक वेळेपासून किती ढळली, ते पॅरिसजवळचं आंतरराष्ट्रीय कार्यालय दर महिन्याला प्रसिद्ध करतं. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण वेळ देत नाही, घेते. पल्सारचे (ठरावीक तालात रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्यांचे) ठोके टिपायला तिला ती लागते.

खगोलशास्त्रज्ञांकडे उरलं आहे ते पृथ्वीच्या फिरण्याचं मोजमाप, आता क्वेसारांवरून (अतिदूरच्या तेजस्वी आकाशस्थ स्रोतांवरून). पृथ्वी एकसारखी फिरत नाही, म्हणून १९७२ पासून २७ लीप सेकंद घातले गेले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे ५:२९:५९ नंतर आला, त्या मिनिटाला ६१ सेकंद होते. २०३५ पर्यंत या पद्धतीत मोठा बदल करायचं आंतरराष्ट्रीय परिषदेनं २०२२ साली ठरवलं आहे.

प्रश्न : रेडिओच्या ठोक्यांवर घड्याळ लावलं तर चालेल का? नेमका कुठला ठोका धरायचा?
– वाचक, बारामती

उत्तर : ही पद्धत बीबीसीनं ५ फेब्रुवारी १९२४ ला ग्रीनिचच्या घड्याळावरून सुरू केली : सहा ठोके, आणि शेवटच्याची सुरुवात म्हणजे वेळ. तो लांब असला तरी त्याची अखेर धरू नका. साध्या रेडिओवर लहरी मुंबईहून पुण्याला अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत पोहोचतात, तेव्हा तो उशीर विसरा. कार्यक्रम मधे उपग्रहामार्गे आला असेल तर पाव सेकंद धरा. मोबाइलच्या अॅपवर किंवा डीटीएचवर तेच ठोके कित्येक सेकंद उशिरा येतात आणि हा उशीर रोज वेगळा असू शकतो, त्यामुळे तो मोजून वजाही करता येत नाही. घड्याळ लावायचं असेल तर साधा रेडिओच उघडा.